कातळावरचा होकार

खोऱ्यात गवत पुरेसे होते, पाणी बारमाही होते, आणि सगळ्यांना पाळावा लागेल असा नियम एकच होता. खोऱ्याच्या आत शत्रू शिरला तर कळपांच्या नायकाने कोणालाही न विचारता त्याच्यावर धावून जावे. पण खिंड ओलांडून बाहेर लढायला जायचे असेल तर आधी सभेला विचारावे. हा नियम कोणी केला ते कोणाला आठवत नव्हते. का केला ते मात्र आठवत होते. फार पूर्वी एका नायकाच्या मनात आले म्हणून सगळे कळप त्याच्यामागून खिंडीपलीकडे गेले होते, आणि परतले ते इतके थोडे, की त्या वर्षी गवत खाणाऱ्यांवाचून उभेच्या उभे वाळून गेले.

सभा नदीकाठच्या सपाट कातळावर भरत असे. प्रत्येक कळपातून एक जण येई. ज्याला गोष्ट मान्य असेल त्याने कातळावर खूर आपटायचा, नसेल त्याने स्वस्थ उभे राहायचे. वानरांची म्हातारी जांभळी मधोमध बसे, आणि कोणी दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घातले की त्याच्याकडे नुसती बघे. तेवढे पुरत असे. सभेत बोलणे फार चाले, निर्णय उशिरा होत, आणि तरुण शिंगांना त्याचा कंटाळा येई.

हरणांच्या वतीने करवंदी येई. अंगाने बारीक, रंगाने काळसर, बोलायला मोजकी. तिचा मुलगा शेंदऱ्या त्या वर्षी नुकताच शिंगाला आला होता. सभेतून ती घरी आली की तो हसून विचारी, "आज काय ठरवलंत? नदी वाहू द्यायची की नाही?" करवंदीलाही हसू येई.

एका सकाळी धुके विरायच्या आत रानकुत्रे खिंडीतून खाली उतरले. उतारावरची खारी माती चाटायला माद्या पिल्लांना घेऊन जमल्या होत्या. पाडसे होती, वासरे होती, रानडुकरांची पट्ट्यापट्ट्यांची पिल्ले होती. नायक मेघडंबर त्या वेळी खालच्या कुरणात होता. तो गवा होता. त्याच्याएवढी रुंद पाठ खोऱ्यात दुसरी नव्हती. आरोळी ऐकून तो निघाला आणि वाटेतली झुडपे मोडत वर पोचला, तोवर रानकुत्रे आपले काम उरकून खिंडीत दिसेनासे होत होते. खाऱ्या मातीवर जी पिल्ले पडली होती, त्यांत त्याचे स्वतःचे वासरूही होते. त्याने त्याला नाकाने ढोसून पाहिले. मग पुन्हा ढोसून पाहिले. त्याला तसे करताना पाहिलेल्यांपैकी कोणीही पुढे ती गोष्ट बोलून दाखवली नाही.

सभा लगेच भरली. कातळावर अजून रक्ताचा वास येत होता, कारण कितीतरी जणी तशाच, तोंडही न धुता आल्या होत्या. मेघडंबरच्या खांद्यावर टेहळणीचा ससाणा बसला होता. तो म्हणाला, "ते पुन्हा येतील. आज कुत्रे आले, उद्या आणखी कोणी. मी उंचावरून पाहतो म्हणून मला दिसतं. प्रत्येक वेळी तुम्ही इथे जमून बोलत बसलात, तर बोलणं संपेपर्यंत पिल्लं संपतील."

मग रानडुकरांचा सुळोजी पुढे झाला. तो जुना सभासद. दणकट, बोलका आणि वारा कुठून वाहतो ते चटकन ओळखणारा. त्याने ठराव मांडला: खोऱ्यावरचा धोका संपेपर्यंत, नायकाला योग्य वाटेल तेव्हा, योग्य वाटेल तिथे, योग्य वाटेल त्यांच्यावर त्याने कळप घेऊन जावे. सभेचा शब्द त्याच्या पाठीशी आहे असे समजावे. दर वेळी विचारायला येऊ नये.

करवंदीने मान वर केली. "धोका संपला, हे कोण ठरवणार?"

सुळोजीने वळून पाहिले. त्याच्या नजरेत राग नव्हता, थकवा होता. "करवंदीताई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "हा प्रश्न विचारायची ही वेळ आहे का?"

करवंदीने आजूबाजूला पाहिले. तिच्याच कळपातली एक तरुण हरिणी कातळाच्या कडेला उभी होती. पहिलेच पाडस गेले होते तिचे. दूध उतरून तिची आचळे ठणकत होती आणि ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत उभी होती. तिच्याकडे पाहत प्रश्नाला चिकटून राहणे करवंदीला जमले नाही. खूर आपटू लागले. एकाचा, दुसऱ्याचा, मग सगळ्यांचा मिळून असा नाद उठला की नदीतले मासे खोल गेले. त्या नादात करवंदीचाही खूर होता.

मेघडंबर खिंड ओलांडून गेला. तो लढला, आणि चांगला लढला. रानकुत्र्यांची टोळी उधळली गेली, त्यांची बिळे ढासळली, आणि कळप परतले तेव्हा खोऱ्याने त्यांना नदीपर्यंत वाट करून दिली. खाऱ्या मातीवर माद्या पुन्हा पिल्लांना घेऊन जाऊ लागल्या. आता ठराव संपला असे काही जण धरून चालले. पण तसे कोणी कोणाला म्हणाले नाही, आणि न म्हटलेली गोष्ट कधी संपत नाही.

थोड्या दिवसांनी ससाण्याला दक्षिणेच्या टेकडीमागे सावली दिसली. मेघडंबर कळप घेऊन गेला. तिथे लांडगे होते, ते पळाले. मग पूर्वेच्या माळावर तरस दिसले. मग रानकुत्र्यांना ज्यांनी वाटेत पाणी पिऊ दिले असेल असे कोणी दिसले. ससाणा जितका उंच जाई तितके त्याला लांबचे दिसे, आणि जे लांबचे दिसे ते सगळे त्याला धोक्याचेच दिसे. सभेला कळप निघाल्याचे कळे ते धुळीवरून. खिंडीवर तांबूस धूळ उठली की सभासद एकमेकांना म्हणत, "निघाले वाटतं."

सभा भरत होतीच. पाणवठ्यावर आधी कोणी उतरावे, बोरीच्या जाळीची वाटणी कशी करावी, असल्या गोष्टींवर आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ बोलणे होई. सुळोजी त्या दिवसांत सुखात होता. पूर्वी सभेने लढाईचा निर्णय घेतला आणि कोणाचे पोर गेले की त्याची आई सुळोजीच्या दारात उभी राही. आता निर्णय नाही, म्हणून दोषही नाही. कोणी विचारलेच तर खिंडीकडे सुळा वळवला की झाले. सुंठीवाचून खोकला गेला होता.

उन्हे तापू लागली तेव्हा शेंदऱ्याच्या वयाच्या सगळ्यांना बोलावणे आले. करवंदी त्याला खिंडीच्या पायथ्यापर्यंत पोचवायला गेली. कोणावर चालला आहात असे तिने विचारले, तर त्याला माहीत नव्हते. "सांगतील वाटेत," तो म्हणाला.

तो परत आला तेव्हा त्याचे एक शिंग मुळाशी मोडले होते आणि मागचा पाय टेकत नव्हता. त्याच्या बरोबरीचे काही जण आलेच नाहीत. करवंदीने त्याला नदीकाठी सावलीत बसवले, जखम चाटून साफ केली, आणि विचारायची घाई केली नाही. पाणी पिऊन झाल्यावर तो आपणहून बोलू लागला.

"नीलगाई होत्या, आई."

"कोण?"

"ज्यांच्यावर गेलो त्या. ससाणा म्हणाला, यांनी कुत्र्यांना जागा दिली. आम्ही वरून धावत उतरलो. त्यांच्यातल्या नरांनी शिंगं रोखली, म्हणून माझं हे असं झालं. पण त्यांची पिल्लं... त्यांना अजून नीट पळता येत नव्हतं. ती आमच्याच पायांत येत होती."

"कुत्रे होते तिथे?"

"नाही. वाससुद्धा नव्हता. मी हुंगलं होतं ना."

"मग थांबला का नाहीत तुम्ही?"

शेंदऱ्याने तिच्याकडे असे पाहिले, जणू तिने काही विचित्रच विचारले होते. "थांबणार कसे? माझ्या शेजारच्यानं विचारलं होतं. नायक म्हणाले, सभेचा शब्द आहे." त्याने दुखरा पाय पोटाशी ओढून घेतला. "मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी बसून, बोलून ठरवलं असेल. तू असशील त्यात. म्हणून मी धावलो."

करवंदी त्याच्या शेजारी बसून राहिली. कातळावर एकदाच आपटलेला आपला खूर इतक्या लांबवर, कोणा अनोळखी आईच्या पिल्लांपर्यंत धावत गेला होता, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, हे तिच्या मनात हळूहळू उतरत गेले.

दुसऱ्या दिवशी ती सुळोजीकडे गेली. तो चिखलात लोळत होता. तिने सरळच सांगितले, "ठराव मागे घ्यायला हवा."

सुळोजी उठून बसला. "हळू बोला, ताई. आणि समजा घेतला, अन् उद्या कुत्रे पुन्हा आले तर? सगळे मला विचारतील. सुळोजी, तू नायकाचे पाय बांधलेस, म्हणतील."

"हो म्हणताना नव्हती भीती वाटली?"

"हो म्हणताना सगळे होते."

"नाही म्हणतानाही सगळे असू शकतात. कोणीतरी आधी जाऊन प्रत्येकाला भेटलं पाहिजे, एवढंच. मी जाते आहे. तुमच्याकडे पहिली आले."

सुळोजीने चिखलात नाक खुपसले आणि बराच वेळ बाहेर काढले नाही. मग तो म्हणाला, "आमच्यातली एक आली होती परवा. दोन्ही पोरं गेली तिची, त्या नीलगाईंच्या माळावर. कोणी धाडलं माझ्या पोरांना, म्हणाली. मी म्हटलं, नायकानं."

"मग?"

"मग तिनं विचारलं, 'आणि तुम्ही कशाला आहात?'" सुळोजीने मान झटकली. चिखलाचे थेंब उडाले. "रडली नाही, भांडली नाही. खरंच उत्तर हवं होतं तिला. मला देता आलं नाही."

करवंदी कळपाकळपातून हिंडली. काहींनी कानावर पाय ठेवले. काही म्हणाले, तुझ्या पोराचं शिंग मोडलं म्हणून तू बोलतेस. ती म्हणाली, हो, तेव्हाच मला जाग आली, पण इतरांची शिंगं अजून शाबूत आहेत म्हणून तर घाई करते आहे. जांभळीने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "त्याच्या तोंडावर बोलायची तयारी असेल तर सभा बोलावते. पाठीमागे काही नको."

सभेला मेघडंबर आला. कितीतरी दिवसांनी तो कातळावर उभा राहत होता. तो वाळला होता. अंगावर जुन्या-नव्या जखमांचे वळ होते आणि डोळ्यांत जागरण होते. करवंदीला त्याच्यावर रागवायचे होते, पण त्याला पाहून राग पुरता येईना.

ससाणा बोलला, उत्तरेला हालचाल आहे. मग करवंदी बोलली. माळावर काय झाले ते तिने शेंदऱ्याच्या शब्दांत सांगितले, स्वतःचे काही घातले नाही. शेवटी ती म्हणाली, "नायक, तुमच्या शौर्याबद्दल कोणाला शंका नाही. कोणाला, कुठे, का मारायचं, हे ठरवण्याचं ओझं आमचं होतं. त्या दिवशी आम्ही घाबरलो, आणि ते तुमच्या पाठीवर टाकून मोकळे झालो. तुमची पाठ रुंद आहे, म्हणून कोणी विचारलंही नाही की जड होतंय का. आम्हाला ते परत हवं आहे."

मेघडंबर संथ आवाजात म्हणाला, "त्या सकाळी मी खालच्या कुरणात होतो. मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. पुन्हा उशीर होऊ नये, एवढ्यासाठीच मी तेव्हापासून धावतो आहे." मग त्याची शिंगे किंचित खाली आली. "आणि मी नाही म्हटलं तर?"

तिथल्या सगळ्यांना मिळूनही त्याला अडवता आले नसते, हे त्यालाही ठाऊक होते आणि त्यांनाही.

"तर तुम्ही जालच," करवंदी म्हणाली. "पण सभेचा शब्द घेऊन जाणार नाही. तुमच्या मागून धावणाऱ्या प्रत्येक पोराला ते माहीत असेल."

जांभळीने विचारले, "ठराव मागे घ्यावा, हे कोणाला मान्य?"

करवंदीचा खूर वाजला. एकट्या खुराचा आवाज किती बारीक असतो, ते तिला तेव्हा कळले. मग चितळांचा वाजला. मग थोडे थांबून साळिंदराचा पंजा, मग भेकराचा खूर. काही जण स्वस्थ उभे राहिले, मान खाली घालून. निम्मे इकडे, निम्मे तिकडे अशी सभा थांबली असता सुळोजी जागचा हलला. त्याने आधी मेघडंबरकडे पाहिले, मग गर्दीत दोन्ही पोरे गमावलेल्या त्या आईला शोधले, आणि पुढचा पाय असा आपटला की त्याचा तोच दचकला.

मेघडंबर वळला आणि उतार चढून वर निघून गेला. ससाणा त्याच्यावर घिरट्या घालत गेला.

त्यानंतरचे दिवस अवघड होते. नायक वरच्या रानात एकटा चरत होता. तो रागावला आहे की विचार करतो आहे, हे कोणाला सांगता येईना. रोज सकाळी सभासद आधी खिंडीकडे बघत. धूळ नव्हती. सुळोजीला चिखल गोड लागेना. "चूक तर नाही ना झाली?" तो करवंदीला विचारी. ती म्हणे, "माहीत नाही. पण झालीच असली तर आपली आहे." आणि आश्चर्य असे, की त्या उत्तराने सुळोजीला थोडे बरे वाटे.

मग रानकुत्रे खरेच आले. नव्या टोळीचा माग खिंडीच्या पलीकडे, अगदी जवळ लागला. या वेळी ससाण्याबरोबर वानरांनीही झाडांच्या शेंड्यांवरून ते पाहिले. थोड्याच वेळात मेघडंबर उतारावरून खाली येताना दिसला. त्याने चार गवे खिंडीच्या तोंडाशी उभे केले होते. खोऱ्याची राखण करायला त्याला कोणाला विचारायचे नव्हतेच. पण तो स्वतः वळून कातळाकडे आला. ससाणा त्याच्या कानाशी ओरडत होता, "आत्ता! आत्ताच निघालं पाहिजे!"

मेघडंबर कातळावर चढला आणि उभा राहिला. विचारायची त्याची सवय मोडली होती. शब्द जुळवताना त्याने दोनदा घसा साफ केला.

"पलीकडे जायचं आहे," तो म्हणाला. "जाऊ का?"

सभा बोलली, पण लांबण लावली नाही. कोण आहेत, किती आहेत, कोणी पाहिले, सगळे विचारले गेले आणि सगळ्याचे उत्तर मिळाले. सुळोजीने सीमा सुचवली: खिंड उतरून गेल्यावर वाळूचा एक कोरडा ओढा लागतो, तिथपर्यंत हाकलून लावावे. ओढ्यापलीकडे नीलगाईंचा माळ आहे. तिकडे जायचे असेल तर पुन्हा यावे, पुन्हा बोलू. खूर वाजले. सभा सुरू झाली तेव्हा सूर्य झाडाच्या ज्या फांदीत होता, अजून त्याच फांदीत होता. मेघडंबरने मान लववली आणि तो निघाला. त्याच्या मागून जे गेले, त्यांना कोणावर चाललो ते ठाऊक होते.

संध्याकाळच्या आत ते परतले. थोड्यांना लागले होते. सगळे आले होते. मेघडंबर कातळाशी थांबला, "हाकलले," एवढेच म्हणाला, आणि पाण्यावर गेला. किती लांब गेलात, असे विचारणे करवंदीच्या ओठांवर आले होते. त्याच्या नाकपुड्या अजून फुरफुरत होत्या. तिने विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन पसरल्यावर ती शेंदऱ्याला घेऊन खिंडीपलीकडे उतरली. तो लंगडत, पण आपल्या पायांनी चालत होता. खालच्या उतारावर गवत तुडवले गेले होते, आणि त्यातून सगळ्यांत खोल, सगळ्यांत रुंद असे खुरांचे ठसे सरळ ओढ्याकडे गेले होते. धाव घेणाऱ्याचे ठसे, लांब लांब पडलेले. ती त्यांच्या कडेकडेने चालत काठाशी पोचली. ओढ्यातल्या मऊ वाळूत रानकुत्र्यांच्या पंजांच्या खुणा घाईघाईने पलीकडे गेल्या होत्या, आणि पलीकडच्या काठावर त्या अजून ताज्या दिसत होत्या, एका उडीच्या अंतरावर.

अलीकडच्या काठावर जमीन उखणली होती. कोणीतरी प्रचंड वजनाचे तिथे खूप वेळ उभे होते. पुढचे पाय इतके रोवून, की खळग्यांत ओल वर आली होती. शिंगांनी माती उकरून फेकलेली होती, पुन्हा पुन्हा. काठाची एक ढेप सुटून खाली घरंगळली होती. पण वाळूवर त्या खुरांचा एकही ठसा नव्हता. खळग्यांपासून ते वळले होते, आणि बेताच्या चालीने, जवळ जवळ पडत, खोऱ्याकडे परत गेले होते.